एका तासाची भेट: पर्वतीय गोरिला पाहायला कुठे जावे

दिवाळीच्या सुमारास धारूरला सीताफळांचा हंगाम असतो. बालाघाटाच्या उतारांवरून पाट्या भरभरून सीताफळे बाजारात येतात आणि डोंगरातल्या वानरांचेही ते सणाचेच दिवस असतात. यंदा भाचा आणि त्याची बायको पुण्याहून आले ते तेलगावकडून घाट चढून. वाटेत कठड्यावर वानरांची टोळी बसली होती म्हणे, आणि पुढच्या दोन गाड्या थांबून त्यांना बिस्किटे टाकत होत्या. जेवताना हाच विषय निघाला आणि भाचा म्हणाला, "मामा, पुढच्या वर्षी आम्ही दोघं आफ्रिकेत गोरिला बघायला जायचं म्हणतोय. तुम्ही इतकी वर्षं भूगोल शिकवलाय, तुम्हीच सांगा, रवांडाला जावं का युगांडाला?" सूनबाईंनी पुढे जोडले, "मामा, कांगोत सगळ्यात स्वस्त आहे म्हणतात."

त्या रात्री मी उत्तर दिले नाही. दोन वर्षांची बचत घालून केलेला प्रवास असतो. त्याचे उत्तर पानावर बसल्या-बसल्या देणे बरे नाही. जे समजले ते सविस्तर लिहितो. भाच्यासाठी तर लिहितोच, पण ज्या कुणाच्या मनात हा प्रवास आहे त्या सगळ्यांसाठीही.

आधी प्राणी नीट ओळखून घेऊ. आपल्या घाटातला तो वानर, म्हणजे काळतोंड्या, लांब शेपटीचा. गोरिला हा माकड नव्हे, कपी. कपींना शेपूट नसते. चिंपांझी, ओरांग-उटान, बोनोबो आणि गोरिला हे मोठे कपी, आणि त्यातला एकही भारतात नाही. भारतातला कपी म्हणायचा तर ईशान्येकडचा छोटा हुलॉक गिबन. आसाममध्ये जोरहाटजवळ होलोंगापार नावाचे जेमतेम २१ चौरस किलोमीटरचे अभयारण्य त्याच्या नावाने ओळखले जाते. आफ्रिकेला जाणे ज्यांना परवडणार नाही त्यांनी ते जरूर पाहावे.

गोरिलांच्याही जाती-उपजाती आहेत. प्राणिसंग्रहालयांत दिसतात ते मुख्यतः पश्चिम आफ्रिकेच्या सखल जंगलांतले. पर्वतीय गोरिला जगातल्या कुठल्याच प्राणिसंग्रहालयात नाही. तो दोनच ठिकाणी राहतो. एक, विरुंगा ही ज्वालामुखींची रांग, जिथे रवांडा, युगांडा आणि कांगो लोकशाही प्रजासत्ताक या तीन देशांच्या सीमा मिळतात. दुसरे, तिथून जेमतेम २५-३० किलोमीटरवरचे युगांडातले ब्विंडी जंगल. विरुंगात २०१५-१६ च्या गणनेत ६०४ गोरिला मोजले गेले, ब्विंडी आणि त्याला लागून असलेल्या कांगोतल्या सारांब्वे भागात २०१८ मध्ये ४५९. बेरीज १,०६३. ही मोजणी डोळ्यांनी होत नाही. गोरिला रोज रात्री झोपायला पानाफांद्यांचे नवे अंथरूण करतो आणि सकाळी त्यात लेंडी टाकून उठतो. ती गोळा करून तिच्यातल्या डीएनएवरून एकेक प्राणी ओळखला जातो.

१,०६३ हा आकडा लहान वाटेल, पण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विरुंगात अडीचशेच्या आसपासच उरले होते. मोठ्या कपींमध्ये आज संख्या वाढत असलेला हा एकमेव म्हणता येईल असा प्राणी आहे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त' या यादीतून काढून 'संकटग्रस्त' यादीत घातले गेले. एवढ्या एका पायरीसाठी तीन देशांतल्या माणसांनी चाळीस वर्षे घालवली, कित्येकांनी जीव दिला. भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या चाळीस वर्षांत आहे, म्हणून दरपत्रकाआधी तिकडे वळतो.

१९५९-६० मध्ये जॉर्ज शॅलर नावाच्या तरुण प्राणिशास्त्रज्ञाने विरुंगात राहून गोरिलांचा पहिला नीट अभ्यास केला. तोपर्यंत गोरिला म्हणजे छाती बडवत अंगावर येणारा राक्षस, अशीच कल्पना होती. शॅलरने पाहिला तो पानपाला खाणारा, पोराबाळांत लोळणारा, शक्यतो भांडण टाळणारा प्राणी. हाच शॅलर पुढे आपल्या विदर्भाजवळच्या कान्हाच्या जंगलात आला आणि १९६३ ते ६५ या काळात वाघ आणि हरणांचा त्याने केलेला अभ्यास भारतीय वाघांवरच्या संशोधनाचा पाया ठरला. विरुंगा आणि कान्हा यांना जोडणारा हा एक माणूस मला नेहमीच जवळचा वाटत आला आहे.

शॅलरनंतर डायन फॉसी आली. तिने १९६७ च्या सप्टेंबरमध्ये रवांडाच्या हद्दीत, करिसिंबी आणि बिसोके या दोन ज्वालामुखींच्या मधल्या खांद्यावर आपले ठाणे मांडले आणि दोन्ही नावे जोडून त्याला करिसोके म्हटले. तिचा लाडका नर डिजिट १९७७ च्या अखेरच्या दिवशी शिकाऱ्यांनी मारला. ती स्वतः १९८५ च्या डिसेंबरमध्ये आपल्या झोपडीत खून होऊन मेली. फॉसीला पर्यटक नको होते. पण त्याच काळात रवांडाचे सरकार उद्यानाचा मोठा तुकडा गुरांच्या प्रकल्पाला देण्याच्या विचारात होते. त्याआधीच, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, उद्यानाची बरीच जमीन पायरेथ्रमच्या लागवडीला गेली होती. हे शेवंतीच्या कुळातले फूल, ज्यापासून कीटकनाशक बनते. बिल वेबर आणि एमी व्हेडर या अमेरिकन जोडप्याने तेव्हा मांडले की गुरांपेक्षा जास्त पैसा जिवंत गोरिला दाखवून मिळेल, पण माणसे मोजकी न्यायची, वेळ मोजका द्यायचा. १९७९ मध्ये त्याप्रमाणे गोरिला पर्यटन सुरू झाले. आज आपण ज्या परवान्यासाठी पैसे भरतो त्याचे मूळ इथे आहे.

जमिनीवरून आठवले, आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात उपळा गावात ३२ एकर जमीन कागदोपत्री वानरांच्या नावे आहे. २०२२ मध्ये ही बातमी सगळीकडे झळकली. ती नोंद कुणी आणि कधी केली हे गावालाही आता सांगता येत नाही. पण पूर्वी लग्नकार्यात वानरांना मान दिला जाई हे जुनी माणसे सांगतात. गोरिलाच्या नावावर असा सातबारा नाही. त्याच्या जमिनीचा सारा दरवर्षी परवान्याच्या पैशातून भरला जातो. ज्या वर्षी तो भरणार नाही त्या वर्षी बटाट्याचे शेत आत सरकेल, कारण उद्यानाच्या दगडी कुंपणापर्यंत शेती आधीच येऊन ठेपली आहे.

आता देशांकडे येऊ. त्यातली एक गोष्ट दरपत्रकांत सापडत नाही: विरुंगाचे गोरिला कुठल्याच एका देशाचे नाहीत. रवांडात २००६ मध्ये हिर्वा नावाचे एक कुटुंब तयार झाले. तिथल्या किन्यारवांडा भाषेत या शब्दाचा अर्थ नशीब किंवा भाग्य, आपल्या 'हिरव्या'शी त्याचा संबंध नाही. रवांडात येणारे पर्यटक बारा-तेरा वर्षे हे कुटुंब पाहत होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते सीमा ओलांडून युगांडाच्या म्गाहिंगा उद्यानात गेले आणि तिथेच राहिले. २०२० च्या फेब्रुवारीत एका वादळी दिवशी वीज पडून त्यातले चार गोरिला मेले, तीन माद्या आणि एक पिल्लू. तेरा वाचले. म्गाहिंगात पर्यटकांना दाखवले जाणारे न्याकागेझी कुटुंबही असेच तीन देशांत फिरत असे. काही वर्षे ते युगांडात दिसतच नव्हते, २०१२ च्या अखेरीस परतले. तेव्हा "रवांडाचे गोरिला चांगले का युगांडाचे?" या प्रश्नाला विरुंगापुरता अर्थ नाही. निवड करायची ती वाटेची, खर्चाची, आणि कुठल्या व्यवस्थेत आपला पैसा जावा याची.

रवांडाची वाट सर्वांत सोपी. किगालीच्या विमानतळावर उतरून दोन-अडीच तासांत चांगल्या डांबरी रस्त्याने मुसांझे गाव येते. तिथून जवळ किनिगी हे व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यानाचे मुख्यालय. सकाळी सातला तिथे जमायचे. वनरक्षक वय आणि चालण्याची ताकद बघून आठ-आठ जणांचे गट पाडतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना जवळ असलेले कुटुंब मिळते, ज्यांना दिवसभर चढायचे आहे त्यांना लांबचे. उद्यान जेमतेम १६० चौरस किलोमीटरचे, पर्यटकांसाठी डझनभर कुटुंबे, म्हणजे दिवसाला शंभराच्या आसपास परवाने. त्यांतले सुसा कुटुंब फॉसीच्या काळापासून अभ्यासलेले.

परवान्याचा दर १,५०० डॉलर. २०१७ च्या मे महिन्यात तो ७५० वरून एका झटक्यात दुप्पट केला गेला. डॉलर ८५ ते ९० रुपयांच्या दरम्यान धरला तर माणशी सव्वा लाखाच्या वर, आणि तेही एका तासासाठी. हा आकडा ऐकून सूनबाईंच्या हातातला घास थांबेल हे मला ठाऊक आहे. त्याच वेळी रवांडाने उद्यानांच्या उत्पन्नातून आजूबाजूच्या गावांना जाणारा वाटा ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर नेला. शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या त्यातून झाल्या. दरवर्षी नव्या पिल्लांचे जाहीर बारसे होते. क्विटा इझिना नावाचा हा सोहळा २००५ पासून चालू आहे. १९९४ च्या नरसंहारातून उठलेल्या देशाने एका प्राण्याच्या बारशाला राष्ट्रीय सण करावे ही मला मोठी गोष्ट वाटते. दर जास्त आहे हे खरे. पण तो लुटीचा दर आहे असे मी म्हणणार नाही.

युगांडाची वाट लांब. एन्टेबेहून ब्विंडीला गाडीने आठ ते दहा तास लागतात. नाहीतर किहिही किंवा किसोरोच्या धावपट्टीवर छोट्या विमानाने उतरायचे. तिसरा मार्ग जाणकार वापरतात तो असा: उतरायचे किगालीत आणि सीमा ओलांडून ब्विंडीच्या दक्षिण टोकाला चार-पाच तासांत पोहोचायचे. या दोन देशांमधली गातुनाची सीमा २०१९ ते २०२२ बंद होती, तेव्हा हा मार्ग अडला होता. आता तो खुला आहे.

ब्विंडी १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, १९९४ मध्ये जागतिक वारशात आले. क्षेत्रफळ ३३० चौरस किलोमीटरच्या आसपास. विरुंगा उंच आहे, ब्विंडी उभे आहे, हा फरक लक्षात ठेवा. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. व्होल्कॅनोज उद्यान सुरूच होते सुमारे २,४०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर अजून अर्धे कळसूबाई रचल्यासारखे. तिथे दम लागतो तो विरळ हवेने. ब्विंडी १,१६० ते २,६०७ मीटरमध्ये आहे, हवा बरी, पण डोंगर असा कापलेला आणि वेलींनी असा गुंतलेला की वाट कोयत्याने करावी लागते. पायाखाली माती नसून गवताची गादी असते आणि ती कुठे पोकळ आहे हे पाय घातल्यावर कळते. अंगाची आग करणारी पाने दोन्हीकडे आहेत. शेताच्या बांधावरची खाजकुइली आठवा. गोरिला ती मजेत खातो, माणसाने पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जाड हातमोजे घालावेत. ब्विंडीच्या उबदार जंगलातल्या गोरिलांची लव थोडी आखूड, विरुंगाच्या थंडीतल्यांची दाट आणि लांब. फोटोत केसाळ, धुक्यातला गोरिला हवा असेल तर विरुंगा.

ब्विंडीत चार प्रवेशभाग आहेत: उत्तरेला बुहोमा, जिथे १९९३ मध्ये पर्यटन सुरू झाले, पूर्वेला रुहिजा, दक्षिणेला रुशागा आणि न्कुरिंगो. वीसहून अधिक कुटुंबे पर्यटकांना सरावलेली आहेत. इथे एक चूक हमखास होते. युगांडाचा परवाना विशिष्ट भागाचा असतो, आणि लोक परवाना रुशागाचा घेऊन मुक्काम बुहोमाला ठरवतात. नकाशात अंतर बोटभर, रस्त्याने काही तासांचे. सकाळी साडेसात-आठला हजर राहायचे असते, उशीर झाला तर परवाना गेला. आधी परवाना हातात घ्यावा, मग त्याच भागात खोली शोधावी.

दर ८०० डॉलर, म्हणजे सत्तर हजारांच्या आसपास. २०२४ च्या जुलैपर्यंत तो ७०० होता. रुशागा भागात आणखी एक सोय आहे. जे कुटुंब अजून माणसांना पुरते सरावलेले नाही त्याच्याबरोबर संशोधक आणि वनरक्षकांसोबत चार तास राहता येते, फक्त चार माणसांना. त्याचे १,८०० डॉलर. ज्याला खरोखर प्राणी समजून घ्यायचा आहे त्याने रवांडाच्या एका तासापेक्षा थोडे जास्त भरून हे चार तास घ्यावेत असे माझे मत आहे.

युगांडातही प्रवेश शुल्काचा २० टक्के वाटा आणि प्रत्येक गोरिला परवान्यातली ठरावीक रक्कम शेजारच्या गावांना जाते. पण एक हिशेब अजून चुकता झालेला नाही. या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे बात्वा लोक १९९१ मध्ये उद्यान झाल्यावर बाहेर काढले गेले. त्यांना जमीन मिळाली नाही. दुसऱ्यांच्या शेतात राबणे हेच नशिबी आले. दरवर्षी दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीला निघणारी माणसे पाहत आपण वाढलो. घर सुटणे म्हणजे काय हे धारूर तालुक्याला वेगळे सांगायला नको. तिथे गेलात तर बात्वांनी स्वतः चालवलेल्या जंगलफेरीला अर्धा दिवस द्या आणि पैसे त्यांच्याच हातात पडतील असे पाहा.

युगांडाच्या सुरक्षिततेबद्दलही सरळ सांगतो. १९९९ च्या मार्चमध्ये बुहोमात रवांडाच्या बंडखोरांनी आठ परदेशी पर्यटकांना मारले. त्यानंतर तिथे सशस्त्र पहारा असतो आणि गोरिला पर्यटन शांतपणे चालले आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मात्र ब्विंडीच्या उत्तरेकडच्या क्वीन एलिझाबेथ उद्यानात मधुचंद्राला आलेले जोडपे आणि त्यांचा युगांडाचा वाटाड्या बंडखोरांकडून मारले गेले. गोरिलासोबत सिंह-हत्ती पाहण्याच्या बेतात हे उद्यान हमखास येते. तिथली ताजी स्थिती विचारूनच तो दिवस धरावा.

आणि कांगो. परवाना ४०० डॉलरचा, म्हणून स्वस्त हे बरोबर. विरुंगा राष्ट्रीय उद्यान १९२५ चे, आफ्रिका खंडातले पहिले, सुमारे ७,८०० चौरस किलोमीटरचे. निसर्गाच्या दृष्टीने ते तिन्हींत श्रीमंत, आणि तिथल्या वनरक्षकांइतकी किंमत जगात कुठल्या वनरक्षकांनी मोजली असेल असे मला वाटत नाही. २००७ च्या जुलैमध्ये तिथे रुगेंडो कुटुंबातले गोरिला गोळ्या घालून मारले गेले. त्यात सेन्क्वेक्वे हा मुख्य नर होता. त्याच वर्षी मारलेल्या एका मादीच्या छातीला बिलगलेले पिल्लू वनरक्षकांनी वाचवले, तिचे नाव न्दाकासी. ती अनाथालयात वाढली आणि २०२१ मध्ये, चौदा वर्षांची असताना, तिला वाढवणाऱ्या आंद्रे बाउमा यांच्या कुशीत डोके ठेवून गेली. तो फोटो जगाने पाहिला. २०१८ मध्ये पर्यटकांच्या गाडीवर हल्ला होऊन एक तरुण वनरक्षक मारली गेली, दोन पर्यटकांचे अपहरण झाले. उद्यान काही महिने बंद राहिले. २०२० च्या एप्रिलमध्ये एकाच दिवशी बारा वनरक्षक गेले. २०२२ पासून एम-२३ बंडखोरांनी गोरिलांचा भागच ताब्यात घेतला आणि २०२५ च्या जानेवारीत जवळचे गोमा शहरही त्यांच्या हाती पडले. सूनबाई, तिथे युद्ध चालू आहे. ज्या दिवशी तिथली बंदूक थांबेल त्या दिवशी मीच म्हणेन की आधी कांगोला जा, कारण तिथल्या वनरक्षकांना पर्यटकांची सर्वांत जास्त गरज असेल. आज नाही.

प्रत्यक्ष भेट कशी असते? आपल्याला सवय वाघाच्या सफारीची. ताडोबात जिप्सीत बसायचे आणि वाघ दिसेल न दिसेल. गोरिलाचे तसे नाही. पहाटेच माग काढणारे कालच्या अंथरुणापासून खुणा धरून कुटुंब गाठतात आणि वायरलेसवर कळवतात, म्हणून गोरिला जवळपास नक्की दिसतो. चालणे एक तासाचे असेल किंवा सहा तासांचे. पोहोचल्यावर काठी, पिशवी, खाणे मागे ठेवायचे, तोंडाला मास्क बांधायचा. त्या कुटुंबाला दिवसभरात एकच गट भेटतो, आठ जणांचा, एकच तास. पूर्वी सात मीटर अंतर ठेवायचे, कोविडनंतर दहा मीटर. पंधरा वर्षांखालच्या मुलाला परवानगी नाही.

कुटुंबाचा हुप्प्या पाहताच कळतो. नर बारा वर्षांच्या पुढे गेला की त्याच्या पाठीवरची लव रुपेरी होते. वजन दीड-दोनशे किलो, आणि खाणे काय तर रानटी सेलरीचे देठ, बांबूचे कोंब, काटेरी झुडपे. कुटुंब कुठे चरणार, कधी झोपणार हे तो ठरवतो. आपल्या वानरांतही टोळी एका हुप्प्याची असते आणि नवा हुप्प्या आला की जुन्याची तान्ही पिल्ले जिवाला मुकतात. १९६० च्या दशकात धारवाडजवळच्या जंगलात सुगियामा या जपानी संशोधकाने हे प्रथम नोंदवले. गोरिलांतही तेच भय असते. म्हणून २०२० च्या जूनमध्ये, टाळेबंदीत पर्यटक नसताना, ब्विंडीत रफिकी नावाचा मुख्य नर एका शिकाऱ्याच्या भाल्याने मेला तेव्हा त्याच्या सबंध कुटुंबाची काळजी लागली. मादीला साधारण चार वर्षांनी एक पिल्लू होते. गेलेले पिल्लू भरून यायला किती काळ जातो ते यावरून समजावे.

मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती घड्याळाची शिस्त. साठ मिनिटे झाली की वनरक्षक उठा म्हणतो आणि सव्वा लाख भरलेला माणूसही उठतो. ही शिस्त नसली की काय होते ते आपल्याकडे पाहा. ३१ डिसेंबर २०२४ ला आपल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या जिप्सींनी कोंडले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. माजलगाव तालुक्यातल्या लवूळमध्ये २०२१ च्या अखेरीस वानर कुत्र्यांची पिल्ले उचलून नेऊ लागले तेव्हा नागपूरहून वनखात्याचे पथक आले आणि दोन वानर पकडून नेले. मेलेल्या पिल्लांच्या आकड्यांना बातम्यांत पाय फुटले, 'सूडा'च्या गोष्टी जगभर गेल्या. माणूस आणि प्राणी यांच्यातले अंतर मोडले की दोघांचेही नुकसान होते, आणि घाटातल्या त्या बिस्किटांनी हे अंतर रोज थोडे मोडते आहे. भाच्या, तुझ्या पुढच्या दोन गाड्या थांबल्या होत्या, तुझी थांबली नाही, याचा मला आनंद आहे.

तयारीचे थोडक्यात. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रात, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. दाखला आता आयुष्यभर चालतो, पण तो नसेल तर परत आल्यावर आपल्याच विमानतळावर विलगीकरणात बसावे लागते. केनिया, युगांडा, रवांडा मिळून पूर्व आफ्रिकेचा एकच पर्यटक व्हिसा १०० डॉलरला, ९० दिवसांचा मिळतो. किगालीत उतरून ब्विंडीला जायचे तर तोच घ्यावा. युगांडा एअरलाइन्सने २०२३ मध्ये एन्टेबे-मुंबई थेट विमान सुरू केले. तिकीट काढताना ते चालू आहे का ते पाहावे. कोरडे महिने जून ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी. रवांडात २०२४ मध्ये मारबर्ग आणि युगांडात २०२५ मध्ये इबोलाची साथ येऊन गेली, म्हणून निघण्यापूर्वी आरोग्याच्या सूचना वाचाव्यात. शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही. युगांडात रस्त्याकडेला चपाती मिळते आणि तिला चपातीच म्हणतात. एक हमाल जरूर घ्यावा, पिशवी जड नसली तरी. तो त्याच गावचा असतो आणि त्या दिवसाची त्याची चूल त्यावर पेटते.

माझा निकाल असा. तुमच्याकडे चारच दिवस असतील, किंवा सोबत भाच्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, न्यायचे असेल, तर रवांडा. तिच्या गुडघ्यांना ते गट पाडणारे वनरक्षक समजून घेतील. तुम्ही दोघेच असाल आणि आठ-दहा दिवस काढू शकत असाल तर किगालीत उतरा, सीमा ओलांडा आणि रुशागा गाठा. वाचलेल्या पैशात दुसऱ्या दिवसाचा दुसरा परवाना जवळजवळ निघतो. पहिल्या तासात माणूस फक्त फोटो काढतो, दुसऱ्या दिवशी बघायला शिकतो.

आणि एक विनंती. आपला आणि गोरिलाचा डीएनए जवळपास ९८ टक्के सारखा आहे, त्यामुळे आपली सर्दी त्याला होते. २००९ मध्ये रवांडात त्या हिर्वा कुटुंबातल्या बारांपैकी अकरा गोरिला खोकू लागले. एक मादी आणि एक पिल्लू दगावले. तपासात जो विषाणू सापडला तो माणसांचा होता. जायच्या दिवशी सकाळी घसा खवखवत असेल, नाक वाहत असेल, तर पैशाचा विचार मनात येऊ देऊ नका. वनरक्षकाला सांगा आणि मागे थांबा.